जळीत रुग्ण आणि अँटिऑक्सिडंट : घरच्यांनी केव्हा काय करायचं

जळीत वॉर्डाजवळच्या मेडिकलवर बरेच नातेवाईक दोन चिठ्ठ्या घेऊन उभे असतात. एक डॉक्टरांनी दिलेली, दुसरी कुणा पाहुण्यानं फोनवर सांगितलेली. दुसऱ्या चिठ्ठीवर अँटिऑक्सिडंट कॅप्सूल, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या, ग्लुटामिनची (प्रथिनांतला एक घटक) पावडर, प्रोटीनचा महागडा डबा. त्या पाहुण्याला मी मूर्ख म्हणणार नाही. भाजलेल्या शरीरात अँटिऑक्सिडंटचा, म्हणजे पेशींची नासाडी करणाऱ्या मुक्त कणांना रोखणाऱ्या द्रव्यांचा, साठा खरोखरच झपाट्यानं आटतो आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे त्या कणांचा मारा, वाढतो. यावर गेली कित्येक दशकं अभ्यास चालू आहे. चूक होते ती क्रमात. पहिल्या तासात पाणी, पहिल्या दिवशी सलाईन, त्याच दिवसापासून अन्न, मग जखमेची स्वच्छता, हे सगळं ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी करणारंच काम आहे. कॅप्सूलचा नंबर त्यानंतर लागतो, तोही डॉक्टरांच्या हातून.

घरात आत्ता, या क्षणी कुणी भाजलं असेल तर फक्त पहिली पायरी वाचा आणि फोन बाजूला ठेवा.

पहिली पायरी : २० मिनिटं पाणी

भाजलेल्या भागावर थंड, वाहतं पाणी सलग २० मिनिटं सोडायचं. बर्फ नको. बर्फानं रक्तवाहिन्या आकसतात आणि वाचू शकणारी कातडीही मरते. भाजून तास-दोन तास झाले असले तरी, म्हणजे साधारण तीन तासांच्या आत, या पाण्याचा उपयोग होतो. म्हणून "आता उशीर झाला" म्हणून सोडून देऊ नका.

आपल्याकडे यात दोन अडचणी येतात. एप्रिल-मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. ते वापरू नका, माठातलं किंवा रांजणातलं घ्या. दुसरी अडचण टंचाईची. नळाला धार नसेल तर तांब्यानं बारीक, सलग धार धरा. तशी धार धरली तर २० मिनिटांना तीन-चार घागरी पुरतात. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात एवढं पाणी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, तरीही ते इथेच खर्च करा. लहान मूल असेल किंवा बरंच अंग भाजलं असेल तर पाणी फक्त भाजलेल्या भागावर सोडा आणि बाकीचं अंग चादरीत गुंडाळा. नाहीतर मूल गारठतं, आणि तो वेगळाच धोका.

पाणी चालू असतानाच बांगड्या, पाटल्या, अंगठ्या, जोडवी, करदोटा काढून टाका. अंग अर्ध्या-पाऊण तासात सुजायला लागतं आणि मग कापायची वेळ येते. कपडे कात्रीनं कापून काढा. कातडीला चिकटलेला तुकडा मात्र ओढायचा नाही. फोड फोडायचे नाहीत.

आणि लावायचं काहीच नाही. टूथपेस्ट, शाई, तूप, राख, शेण, किसलेला बटाटा, कोरफड, काही नाही. हळदीबद्दल वाद घालणारे भेटतात, कारण हळदीतल्या कुरकुमिनवर अँटिऑक्सिडंट म्हणून प्रयोगशाळेत भरपूर काम झालं आहे. पण मिसळणाच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते. शिवाय तिच्या थराखाली जखम किती खोल आहे हे डॉक्टरांना दिसत नाही, आणि मग तो थर खरवडून काढावा लागतो. त्या खरवडण्याच्या वेदना रुग्णाला सोसाव्या लागतात, सल्ला देणाऱ्याला नाही.

पाणी झालं की धुतलेलं सुती धोतर किंवा साडीचा स्वच्छ पदर सैल गुंडाळा. घरात अन्न झाकायचं पातळ प्लास्टिक असेल तर तेही चालतं.

शेतातल्या मोटारीचा किंवा तुटलेल्या तारेचा शॉक असेल तर आधी वीज बंद करा, त्याआधी माणसाला हात लावू नका. अशा वेळी बाहेर रुपयाएवढा डाग दिसतो आणि आत स्नायू शिजलेले असतात. हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. त्यामुळे जखम कितीही लहान दिसली तरी दवाखाना चुकवायचा नाही. कळीचा चुना किंवा कोरडं रसायन अंगावर पडलं असेल तर आधी ते झटकायचं, मग भरपूर पाणी. ॲसिडला २० मिनिटांवर थांबू नका, दवाखान्यात पोचेपर्यंत जमेल तितकं धूत राहा.

दुसरी पायरी : किती भाजलं, कुठे न्यायचं, आणि कागदावर काय लिहायचं

रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण एक टक्का. सांडलेल्या पाण्याचे किंवा तेलाचे विस्कळीत डाग मोजायला हे माप सगळ्यात सोपं. मोठ्या माणसासाठी डॉक्टर नऊचा हिशोब धरतात. डोकं-मान ९, एकेक हात ९, छाती-पोट १८, पाठ १८, एकेक पाय १८ आणि जांघेचा भाग १. लहान मुलांना हा हिशोब लागू पडत नाही, कारण त्यांचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. नुसती लाल झालेली, फोड न आलेली कातडी या मोजमापात धरायची नाही.

मोठ्या माणसाचं त्याच्या दहा तळहातांहून जास्त किंवा मुलाचं त्याच्या पाच तळहातांहून जास्त अंग भाजलं असेल तर गावातल्या क्लिनिकवर वेळ घालवू नका. चेहरा, हात, पाऊल, सांधे किंवा गुप्तांग भाजलं असेल, दंडाला किंवा पोटरीला सगळीकडून वेढा पडल्यासारखं भाजलं असेल, बाई गरोदर असेल, माणूस म्हातारा किंवा मधुमेही असेल, तर टक्के कमी असले तरी मोठ्या दवाखान्यातच न्या. कोंदट खोलीत आग लागली होती, नाकातले केस करपलेत, आवाज घोगरा झालाय किंवा थुंकी काळी येतेय, तर श्वासनलिका भाजलेली असू शकते. तिथे मिनिटाला किंमत आहे.

१०८ ला फोन करा. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख संस्था ही मराठवाड्यातली जुनी, मोठी शासकीय ठिकाणं. आता जालना, परभणी, हिंगोली, धाराशिव इथेही शासकीय महाविद्यालयं झाली आहेत, पण मोठ्या जळिताची सोय आहे का हे निघण्यापूर्वी फोनवर विचारा. किनवट किंवा परांड्यासारख्या ठिकाणाहून निघायचं असेल तर आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सलाईन लावून घ्या आणि मग पुढे चला. दोन-तीन तासांचा रस्ता बिनसलाईनचा काढू नका.

आता एक काम असं, जे डॉक्टर करू शकत नाहीत, फक्त तुम्ही करू शकता. भाजल्याची वेळ लिहून ठेवा. "दुपारी" असं नको, घड्याळाची वेळ हवी. का, ते चौथ्या पायरीत कळेल. त्याखाली कशानं भाजलं, रुग्णाचं अंदाजे वजन, आधीचे आजार आणि चालू गोळ्या. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवत असेल तर तेही.

जळिताची केस म्हटली की दवाखाना पोलिसांना कळवतोच. ती ठरलेली पद्धत आहे. त्या भीतीनं सूनबाईला रात्रभर घरात ठेवून सकाळी आणणारी घरं मराठवाड्यात आहेत, आणि सकाळपर्यंत जे बिघडतं ते नंतर कुठल्याच औषधानं सुधारत नाही.

तिसरी पायरी : आत काय चाललंय ते समजून घ्या

ही पायरी करायची नाही, समजून घ्यायची आहे. ती समजली की पुढचं सगळं पटतं.

ब्रिटिश शल्यविशारद जॅक्सन यांनी १९५३ साली भाजलेल्या जखमेचे तीन भाग सांगितले. अगदी केंद्रातला भाग मेलेला असतो, तो परत येत नाही. सगळ्यात बाहेरचा नुसता लाल असतो, तो आपोआप बरा होतो. या दोन्हींच्या मध्ये एक पट्टा असतो. तिथल्या पेशी जिवंत असतात, पण रक्तपुरवठा मंदावलेला असतो. पुढच्या दोन-तीन दिवसांत हा पट्टा एकतर वाचतो, नाहीतर मेलेल्या भागात जमा होतो. सोमवारी वरवर वाटलेली जखम गुरुवारी खोल निघते ती यामुळेच. घरच्यांना वाटतं दवाखान्यात बिघडली. खरं तर तो पट्टा हरलेला असतो.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसची लढाई याच पट्ट्यात होते. रक्त अडलेल्या जागी पुन्हा रक्त येतं तेव्हा झँथिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम सुपरऑक्साइड हा मुक्त कण तयार करू लागतं. सूज आली की पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि जंतू मारायला त्यांच्याकडे असलेलं शस्त्रही तेच, म्हणजे मुक्त कण. सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. त्याची गाठ मोकळ्या लोहाशी पडली की हायड्रॉक्सिल हा सगळ्यात आक्रस्ताळा कण तयार होतो. भाजताना तांबड्या पेशी फुटलेल्या असतात, त्यामुळे लोहाला तोटा नसतो. हे कण पेशींच्या आवरणातली स्निग्ध द्रव्यं खवट करतात. डब्याच्या तळाशी राहिलेले शेंगदाणे उन्हाळ्यात खवट होतात, अगदी त्याच जातीची ही रासायनिक क्रिया. तिच्यातून मॅलोनडायअल्डिहाइड नावाचा पदार्थ बाहेर पडतो, आणि रक्तात तो किती वाढला यावरून संशोधक नुकसानीचा अंदाज घेतात.

शरीराची स्वतःची फौज असते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइमं, शिवाय ग्लुटाथायोन, व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई. ही एन्झाइमं चालायला जस्त, तांबं आणि सेलेनियम लागतं. भाजलेल्या माणसात ही फौज दोन्हीकडून मार खाते. लढण्यात खर्च होते ती वेगळीच. वर उघड्या जखमेतून जो पाण्यासारखा स्राव सतत झिरपतो, त्यातून जस्त, तांबं, सेलेनियम अंगाबाहेर वाहून जातं. भाजलेला भाग जितका मोठा, तितकी ही गळती मोठी.

लढाई पट्ट्यापुरती राहत नाही. मोठ्या जळितात सगळ्या अंगातल्या केशवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी मांसात उतरतं, रक्तदाब पडतो, आतडी आणि मूत्रपिंडं उपाशी राहतात, आणि तिथेही तेच चक्र सुरू होतं. न भाजलेला पाय सुजतो तेव्हा नातेवाईक बुचकळ्यात पडतात, त्याचं कारण हे.

मग रक्तातली अँटिऑक्सिडंट पातळी तपासून घ्यावी का? माझं मत, नाही. या तपासण्या बहुतेक संशोधनासाठी आहेत, रोजच्या उपचाराचा निर्णय त्यांवर ठरत नाही. आकड्यांचा अर्थ लावणंही कठीण. दहा लिटर सलाईन गेल्यावर काढलेल्या रक्तात सगळंच पातळ झालेलं असतं. सूज असताना शरीर जस्त रक्तातून काढून यकृतात नेऊन ठेवतं, म्हणून रिपोर्टमध्ये कमी दिसलं तरी ती सगळी कमतरताच असते असं नाही. कुणी खासगी लॅबवाला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल' सुचवत असेल तर ते पैसे अंडी-दुधासाठी राखून ठेवा.

चौथी पायरी : सलाईनचा हिशोब

पहिल्या २४ तासांतलं सगळ्यात मोठं औषध सलाईन आहे. रक्ताभिसरण सावरलं तर तो मधला पट्टा वाचतो आणि मुक्त कणांचा कारखाना थंडावतो. डॉक्टर साधारण असा हिशोब करतात : ४ मिली, गुणिले वजन, गुणिले भाजलेले टक्के. ५० किलोची बाई ३० टक्के भाजली असेल तर ६००० मिली. त्यातलं निम्मं, म्हणजे ३ लिटर, पहिल्या ८ तासांत आणि उरलेलं पुढच्या १६ तासांत. हे ८ तास दवाखान्यात आल्यापासून मोजत नाहीत, भाजल्यापासून मोजतात. सकाळी १० ला भाजून दुपारी २ ला पोचलात, तर ते ३ लिटर उरलेल्या ४ तासांत जायला हवेत. म्हणून ती घड्याळाची वेळ लिहायची.

हा आकडा फक्त सुरुवातीचा. पुढे लघवी पाहून वेग कमी-जास्त होतो. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे अर्धा मिली, म्हणजे ५० किलोला २५ ते ३० मिली, आणि लहान मुलाला किलोमागे एक मिली लघवी अपेक्षित असते. रुग्णाजवळ बसणाऱ्यानं लघवीच्या पिशवीवर लक्ष ठेवावं. दोन तास पिशवी हलली नाही, किंवा लघवी काळ्या चहासारखी दिसली, तर लगेच सिस्टरांना सांगावं. शॉक लागलेल्या रुग्णात ती काळी लघवी स्नायू फुटल्याची खूण असते आणि मूत्रपिंड निकामी होण्याआधीचा इशाराही.

"अजून एक बाटली लावा ना" असा हट्ट मात्र धरू नका. जास्त सलाईननं फुप्फुसात पाणी होतं आणि सूज वाढून उरलेलं रक्ताभिसरणही दबतं. मोठ्या जळितात रुग्ण तहानेनं कासावीस होतो, तरी तांब्याभर साधं पाणी पाजू नका. उलटी होते, रक्तातलं मीठ पडतं. रस्ता लांबचा असेल, रुग्ण पूर्ण शुद्धीवर असेल, उलटी नसेल, तर रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना विचारून ओआरएसचे घोट द्या.

याच टप्प्यावर व्हिटॅमिन सीचा विषय निघतो. २००० साली जपानी डॉक्टरांचा एक अभ्यास आला. पहिल्या २४ तासांत शिरेतून तासाला किलोमागे ६६ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी दिलं तर सलाईन बरंच कमी लागतं आणि सूजही कमी येते, असं त्यात दिसलं. पण रुग्ण थोडे होते, आणि त्यानंतरही ही पद्धत सगळीकडे रुळलेली नाही. डोस किती ते पाहा : ५० किलोला दिवसाला जवळजवळ ७९ ग्रॅम. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या दीडशेहून जास्त गोळ्या. एवढ्या सीपासून ऑक्झलेट बनून मूत्रपिंडात साचू शकतं. दुसरा धोका जास्त फसवा आहे. बोटाला टोचून साखर मोजणारी काही यंत्रं व्हिटॅमिन सीला साखर समजून आकडा वाढवून दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं की रुग्णाची खरी साखर धोकादायक खाली जाते. हे अतिदक्षता विभागात, जाणत्या डॉक्टरांच्या नजरेखाली करायचं काम. घरून गोळ्या आणून गुपचूप देण्याशी त्याचा काही संबंध नाही.

पाचवी पायरी : अन्न, आणि इथे घरचा माणूसच डॉक्टर

मोठं भाजल्यावर शरीराची भट्टी पेटते. हृदय जोरात चालतं, अंग तापतं, स्नायू वितळतात, आणि हे आठवडाभरात थांबत नाही. वर्ष-दोन वर्षंही चालू शकतं. म्हणून डॉक्टर पहिल्याच दिवशी नाकातून नळी टाकून दुधासारखं पातळ अन्न सुरू करतात. "आताच कशाला खायला" म्हणून अडवू नका. आतड्यात अन्न गेलं की आतड्याचं अस्तर टिकतं आणि तिथले जंतू रक्तात उतरायला वाट कमी मिळते.

तोंडानं खाणं सुरू झालं की पहिली मागणी प्रथिनांची. ग्लुटाथायोन स्वतःच प्रथिनांच्या तुकड्यांपासून बनतं. मोठ्या जळितात किलोमागे दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोला दिवसाला ७५ ते १०० ग्रॅम. तीन अंडी (१८), अर्धा लिटर दूध (१६), दोन वाट्या घट्ट वरण (१३), मूठभर सोयाबीन वडी (१३), मूठभर शेंगदाणे किंवा त्यांची चटणी (७), आणि दिवसभरात ज्वारीच्या तीन भाकरी (१८) धरल्या की ८५ ग्रॅमच्या आसपास जातं. सोयाबीन पिकवणाऱ्या लातूर-धाराशिवच्या घरात सोयाबीन वडी खात नाहीत, सोयाबीन बाजारात विकून प्रोटीनचा डबा आणतात, हे मला कधी कळलेलं नाही. माळकरी घरात अंडी चालत नसतील तर पनीर, दही आणि वडी वाढवा. रुग्णाचं जेवण अर्धं होत असेल तर तीनदा ताट वाढण्यापेक्षा दर दोन तासांनी थोडं द्या. वरणात भाकरी कुस्करून चमचाभर तूप, शेंगदाण्याचं कूट घातलेलं दही, अंडं फेटून घातलेला मऊ भात, असं.

आता पथ्याचं. आंबट खाल्लं की जखम चिघळते, डाळ खाल्ली की पू धरतो, वांगं आणि अंडं बाधतं, हे जवळपास प्रत्येक वॉर्डात ऐकू येतं. या समजुतीनं जळीत रुग्णाचं जेवढं नुकसान केलं तेवढं कमी गोष्टींनी केलं असेल. पू जंतूंमुळे होतो. डाळ, अंडी, लिंबू बंद करणं म्हणजे जखम भरायचं सामानच काढून घेणं. आजीबाईंशी वाद घालू नका, डॉक्टरांकडून ताटाची यादी कागदावर लिहून घ्या आणि ती दाखवा. छापील किंवा सहीच्या कागदाला घरात मान असतो.

व्हिटॅमिन सीसाठी एक मध्यम पेरू पुरे. त्यात मोठ्या माणसाची एरवीच्या दिवसाची गरज भागून उरते. आवळा त्याहून भारी, पण मोरावळा शिजवताना सी बरंच जातं, त्यापेक्षा कच्च्या आवळ्याची चटणी करा. लिंबू वरणावर पिळायचं तर ताट वाढल्यावर, चुलीवर उकळताना नाही. जालन्याची मोसंबी हंगामात स्वस्त मिळते. व्हिटॅमिन ईसाठी आपलं जुनं करडईचं तेल उत्तम. जेवणात फोडणीपुरतंच नको, गरम भाकरीवर, चटणीवर कच्चं घ्या. शेवग्याच्या पाल्याची भाजी, पपई, गाजर यांतून ए व्हिटॅमिन मिळतं. जस्त आणि तांब्यासाठी तीळ, जवस, डाळी, मटण. कडधान्याला मोड आणले तर त्यातलं जस्त अंगाला जास्त लागतं, म्हणून मटकी-मूग मोड आणूनच.

एक सावधानता. पहिल्या आठवड्यात, विशेषतः शॉक लागलेल्या किंवा लघवी कमी झालेल्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम वाढलेलं असू शकतं. नारळपाणी आणि मोसंबीचा रस भेटीला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात असतो आणि दोन्हींत पोटॅशियम भरपूर. विचारल्याशिवाय पाजू नका.

गोळ्या, पावडरी, इंजेक्शनं

२० टक्क्यांहून जास्त भाजलं असेल तर सेलेनियम, जस्त आणि तांबं शिरेतून, पहिल्या दिवसांतच सुरू करण्याला चांगला आधार आहे. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं हे काम केलं, आणि अशा रुग्णांत फुप्फुसाचे संसर्ग कमी झालेले दिसले. भाजलेल्या टक्क्यांनुसार हे आठवडाभर ते महिनाभर चालतं. तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा : "ट्रेस एलिमेंट्स देता येतील का?" उपलब्ध नसतील तर तोंडानं काय देता येईल ते तेच सांगतील. व्हिटॅमिन सीच्या गोळ्याही दवाखान्यात बहुतेक वेळा दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम अशाच देतात.

जस्ताची गोळी मनानं महिनोन्महिने चालू ठेवू नका. जास्त जस्तानं तांबं शोषलं जात नाही, आणि तांब्याविना नवी कातडी पक्की होत नाही. रक्त कमी दिसलं म्हणून लोहाची गोळीही मनानं नको. मोकळं लोह मुक्त कणांना काय मदत करतं ते वर आलंच.

ग्लुटामिन पावडरीवर बराच पैसा उडतो. २०२२ साली सुमारे १२०० जळीत रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ग्लुटामिन घेणारे लवकर बरे होऊन घरी गेले असं त्यात दिसलं नाही.

आणि तंबाखू. पुडी, बिडी, मिश्री, सगळं बंद. रुग्णाला डाळिंबाचा रस पाजायचा आणि जिन्यात जाऊन त्यालाच बिडी ओढू द्यायची, यापेक्षा मोठी विसंगती मी पाहिलेली नाही.

सहावी पायरी : जखम स्वच्छ, मेलेली कातडी बाहेर

प्रत्येक नवा संसर्ग ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून भेटायला येणाऱ्यांना दारातच थांबवा. रुग्णाजवळ एकच माणूस, हात साबणानं धुतलेले, बाहेरच्या चपला बाहेर.

खोल भाजलं असेल तर डॉक्टर पहिल्या काही दिवसांतच मेलेली कातडी काढून मांडीची पातळ कातडी लावायचं ऑपरेशन सुचवतात. इथे घरं अडखळतात. "आधीच एवढं भाजलंय, अजून मांडी कशाला सोलायची?" प्रश्न रास्त आहे. पण मेलेला थर अंगावर असेपर्यंत सूज पेटती राहते आणि जंतूंना घर मिळतं. मांडीची जखम वरवरची असते, साधारण दोन आठवड्यांत भरते. होकार द्यायला आठवडा घालवू नका.

सातवी पायरी : घरी आल्यावर

दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. वजन घसरत राहिलं तर जेवण कमी पडतंय. प्रथिनांचं ताट जखम भरली म्हणून बंद करायचं नाही, निदान वर्षभर चालू ठेवा. ताप, जखमेचा वास, लावलेली कातडी काळी किंवा हिरवट पडणं, खाणं अचानक बंद होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

खोल भाजलेल्या आणि कातडी लावलेल्या भागाला नीट घाम येत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही बारीक गोष्ट नाही. ज्याची पाठ आणि छाती भाजली होती तो माणूस ४२-४३ अंशांत रानात काम करू लागला तर त्याचं अंग तापत राहतं, थंड व्हायला वाट नसते. पहिले दोन उन्हाळे तरी दुपारचं रान टाळा, अंगावर ओला पंचा ठेवा, बाह्यांचा सुती सदरा घाला. कोवळ्या कातडीला थेट ऊन लागलं तर ती काळवंडते. डागांच्या कातडीत व्हिटॅमिन डी नीट तयार होत नाही, म्हणून तपासणीच्या वेळी त्याबद्दल विचारा. खाजेसाठी साधं खोबरेल तेल दिवसातून तीन-चार वेळा लावा. दाबाचा पट्टा आणि बोटांचे व्यायाम कंटाळा आला तरी सोडू नका.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जळिताचे उपचार बसतात, आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार पहिल्याच दिवशी आरोग्यमित्राकडे (दवाखान्यातला या योजनेचा माणूस) द्या, डिस्चार्जच्या दिवशी नाही. आणि डिस्चार्ज कार्डावर तीन गोष्टी लिहून मागा : सध्याचं वजन, दिवसाला किती ग्रॅम प्रथिनं, आणि कुठली व्हिटॅमिनची गोळी कुठल्या तारखेला थांबवायची. तारीख लिहिलेली नसेल तर काउंटरवरून परत फिरा आणि लिहून घेऊनच बाहेर पडा.